पाच टोच्यांचं पाकीट

चाळीस वर्षं मी लोकांच्या घरचा माल भाजून दिला आणि त्यातला एक कणही कधी जिभेवर ठेवला नाही. हे सांगितलं की लोक हसतात. "भट्टीवर राहून उपाशी व्हय मावशी?" म्हणतात. उपाशी कुठली! स्वतः केलेलं पोटभर खाल्लं, ते माझ्या अंगाकडे बघून कळतंच. पण गिऱ्हाइकानं घरून डब्यात आणलेलं सारण, पीठ, तूप चाखायचं नाही, हा आमच्या भट्टीचा कायदा होता आणि तो मी पाळला. दिवाळी अंकासाठी कामाबद्दल काहीतरी लिहा असा निरोप आला, तेव्हा पहिल्यांदा हा कायदाच आठवला. त्याचा मला फार अभिमान होता. आता त्या अभिमानाचं काय करावं ते कळत नाही, म्हणून लिहायला बसले.

औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत युसुफभाईंची भट्टी होती. त्यांना सगळे उस्तादच म्हणायचे. मी लग्न होऊन समोरच्या घरात आले आणि घरखर्चाला हातभार म्हणून त्यांच्याकडे ट्रेला तूप लावायच्या कामाला लागले. पाव, खारी, टोस्ट हा भट्टीचा स्वतःचा माल. पण दिवाळी, ईद आणि उन्हाळ्याची सुट्टी आली की बायका घरून मैदा, रवा, तूप, पिठीसाखर घेऊन यायच्या आणि नानकटाई भाजून न्यायच्या. ज्याचा माल त्याचाच डबा. एकाचं तूप दुसरीच्या नानकटाईत गेलं तर गल्लीत महिनाभर भांडण चालायचं.

म्हणून प्रत्येक घराला एक खूण होती. कुणाच्या नानकटाईवर अंगठा दाबलेला, कुणाच्या काडीनं ओढलेली फुली, कुणाच्या वर खरबुजाच्या दोन बिया. मला लिहायची गरज पडली नाही, दीडशे घरांच्या खुणा तोंडपाठ होत्या. त्या खुणांवरून घरातलं बरंच कळायचं. एक जावा-जावांची जोडी दरवर्षी एकच मोठा डबा आणायची, फुलीची खूण. एका वर्षी धाकटी वेगळा डबा घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "माझ्यावर दोन फुल्या मारा." मी उस्तादांना सांगितलं, "यांची चूल वेगळी होणार." संक्रांतीच्या आत झाली.

एक निवृत्त कारकून होते. भाजून होईस्तोवर भट्टीसमोर स्टूल टाकून बसायचे, कारण आम्ही त्यांचं साजूक तूप काढून घेऊन डालडा घालतो असा त्यांना पक्का संशय. उस्ताद त्यांना चहा पाजायचे आणि म्हणायचे, "साब, आपका घी आप जैसाच है, पिघलताच नै." कारकून हसायचे, पण स्टुलावरून उठायचे नाहीत.

न चाखण्याचा कायदा उस्तादांचाच. पहिल्याच दिवाळीत मी कुणाच्यातरी करंजीच्या सारणाला बोट लावलं. ते तोंडाशी जायच्या आत उस्तादांनी माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं. रागावले नाहीत, पण त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. म्हणाले, "कमलबाई, गिराक का माल हाथ में लेने का, जबान पे नक्को. हिंदू का आता, मुसलमान का आता, किसी के उपास का आता. तुमने चाखा तो उष्टा हुआ. और चव समझी, तो उनके घर की बात तुम्हारी हुई." मी कानाला खडा लावला.

पुढं उस्ताद थकले, गेले. मुलांनी भट्टी बंद करून जागा कपड्याच्या दुकानाला दिली. मी घरातच विजेचा ओव्हन घेतला आणि जुनी गिऱ्हाइकं माझ्याकडे यायला लागली. माल बदलला, केक आले, कुकीज आल्या. कायदा आणि खुणा मात्र मी उस्तादांच्याच ठेवल्या.

पाकीट आणलं ते वंदनानं. वंदना शाळेत शिक्षिका, चाळिशीची, माझ्याकडे नेहमी येणारी. एक दिवस मोबाइल पुढं धरून म्हणाली, "मावशी, हे जमंल का?" व्हिडिओत कुणी परदेशी बाई पोस्टकार्डाएवढे चपटे चौकोन करत होती. आत दालचिनी आणि तपकिरी साखर, वर पांढरं आयसिंग. तिकडे ते टोस्टरमध्ये गरम करून नाश्त्याला खातात म्हणे. मी म्हटलं, "ही तर बंद केलेली पाकिटं दिसतात." तेच नाव पडलं. पुढं गल्लीतली पोरं "पाकीट द्या" म्हणूनच यायला लागली.

वंदनाच्या मागं तिची आई उभी होती. गयाबाई. दौलताबादच्या, धनगराच्या घरच्या. नवरा किल्ल्याच्या उतारावर मेंढरं चारायचा आणि त्या स्वतः किल्ल्याच्या दाराशी सीताफळं विकायच्या. नवरा गेला, मेंढरं गेली, मुलगा शेती बघायला लागला, पण गयाबाईंची सीताफळांची पाटी काही सुटली नाही. त्यांनी मोबाइलमध्ये डोकं घातलं आणि विचारलं, "वरून चुना मारलाय व्हय?"

"चुना नाय आई, साखर हाय."

"मंग आत कशाला परत साखरच? आत गूळ पायजे. सारण म्या आणते."

आठ दिवसांनी त्या पितळेचा डबा फडक्यात बांधून घेऊन आल्या. झाकण उघडलं आणि अख्खं घर दालचिनीनं भरलं. मी डब्यात पाहिलं. काळपट तांबूस, मोकळं सारण, त्यात बडीशेप दिसत होती.

ज्यांनी कधी केली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पाकिटाचं सगळं मर्म थंडपणात आहे. मैद्यात लोणी चोळायचं ते घट्ट, गार. बोटांची ऊब लागून ते वितळलं की पापुद्रे सुटत नाहीत, बिस्किट होतं. आमच्याकडे एप्रिलात नळाचं पाणीसुद्धा कढत येतं, म्हणून मी पहाटे उठून पोळी लाटायची आणि परातीखाली बर्फ ठेवायची. लाटलेल्याचे चौकोन कापायचे, एकावर सारण पसरायचं, दुसरा वर ठेवून कडा काट्यानं दाबायच्या. नुसता गूळ आत घातला तर तो उकळून कडेनं बाहेर येतो आणि ट्रेला असा चिकटतो की सुरीनं खरवडावा लागतो. गूळ धरून ठेवायला थोडं भाजलेलं पीठ लागतं. हे गयाबाईंना कुणी सांगितलं होतं देव जाणे, पण त्यांच्या सारणानं एकदाही ट्रे खराब केला नाही. मग वरच्या बाजूला काट्यानं टोचे मारायचे म्हणजे वाफ निघते. टोचे मारले नाहीत तर पाकीट फुगतं आणि फुटतं.

या टोच्यांतच मला माझ्या खुणा सापडल्या. माझ्या स्वतःच्या सारणाच्या पाकिटावर एका ओळीत तीन टोचे. गिऱ्हाइकांचे वेगवेगळे. गयाबाईंना विचारलं, "तुमची खूण कोणती करू?" त्यांनी पंजा माझ्यापुढं उघडून धरला. "पाच बोटं हायत, पाच मार." चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक, अशी त्यांची खूण ठरली.

पाकिटं पूर्ण गार झाल्यावर वर आयसिंग. पिठीसाखर, दोन चमचे दूध, चिमूटभर दालचिनी. ते वाळलं की पाकीट पांढरंशुभ्र दिसतं. गयाबाईंना वरच्या जबड्यात दात नव्हते. त्या आधी तर्जनीनं सगळं आयसिंग खरवडून खायच्या, लहान पोरासारख्या, आणि मग उघड्या पडलेल्या पाच टोच्यांकडे बघून म्हणायच्या, "हां, माझंच हाय." मग चहात बुडवून खायच्या.

पाच-सहा वर्षं त्या येत राहिल्या. एकदा माझ्याच ओट्यावर बसून त्यांनी खलबत्त्यात सुंठ कुटली, घरून कुटून आणायची राहिली म्हणून. कुटता कुटता चिमूटभर सारण माझ्यापुढं धरलं. "चाख की गं. कमी-जास्ती सांग."

मी म्हटलं, "नाही हो गयाबाई, गिऱ्हाइकाचं मी चाखत नाही."

"म्या गिऱ्हाईक व्हय?"

मी हसून मान हलवली. त्यांनी ती चिमूट परत डब्यात टाकली. पुन्हा सुंठ कुटायला लागल्या. त्या वेळी मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं, उस्ताद असते तर पाठ थोपटली असती असं. आज तो प्रसंग आठवला की माझी मलाच लाज वाटते.

चार वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये गयाबाई गेल्या. आजारी नव्हत्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. बाराव्या दिवशी सकाळी सकाळी वंदना माझ्याकडे आली. हातात तोच पितळेचा डबा, तेच फडकं.

"आईनं जायच्या दोन दिस आधी करून ठेवलं होतं," ती म्हणाली. "तुमच्याकडंच आणणार होती. उद्या तेरावा हाय मावशी. गोडाचं जेवण. सगळे म्हणाले लाडू आणू. मी म्हटलं, नाय, आईच्याच हातचं खाऊन तोंड गोड करायचं."

मी डबा दोन्ही हातांनी घेतला. विचारलं, "आयसिंग करू का साधीच ठेवू? दुखवट्याचं घर."

"करा. तिला आवडायचं."

मग दारातून परत फिरून म्हणाली, "तिनं सारण मला कधी शिकवलंच नाय. मीच म्हणायची, सुट्टीत बघू. सुट्टी आली की पेपर तपासायचे. एवढंच उरलंय आता, मावशी." ती दोन वाजता न्यायला येणार होती.

त्याच दिवशी माझी एक ऑर्डर होती. शेंद्र्याच्या एका कारखान्यात कुणा साहेबांचा निरोप समारंभ होता, दहा वाजता चोवीस पाकिटं पाठवायची होती. माझ्या सारणाची. माझ्या ट्रेमध्ये चारच्या सहा ओळी बसतात, म्हणून सगळं काम चोवीसच्या हिशेबानं चालतं. गयाबाईंच्या डब्यातलं सारणही नेमकं चोवीस पाकिटांना पुरलं. डबा मी मैद्याच्या गोळ्यानं पुसून घेतला आणि तो गोळासुद्धा शेवटच्या पाकिटात भरला, इतकी मी जपून वागत होते.

आता चूक सांगते. या धंद्याबाहेरच्या कुणाच्या हातून ती झाली नसती.

नानकटाईवरची खूण शेवटपर्यंत उघडी राहते. भट्टीतून काढा, जाळीवर टाका, डब्यात भरा, खूण वरच दिसते. मी चाळीस वर्षं त्या खुणेच्या भरवशावर जगले होते. पाकिटावर मात्र आयसिंग बसतं आणि टोचे त्याखाली बुजून जातात. हे मला माहीत होतं, म्हणून एरवी मी एका घरचं आयसिंग करून, डब्यात भरून, मगच दुसऱ्याला हात लावायची. त्या दिवशी पाकिटं गार व्हायला वेळ लागला. साडेनऊ वाजले, रिक्षा दारात येणार. मी दोन्ही जाळ्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या, मोठ्या पातेल्यात एकदमच आयसिंग कालवलं आणि अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पाकिटांवर ओतलं. डोक्यात ठेवलं होतं, खिडकीकडची जाळी गयाबाईंची. पण त्यांच्या पाकिटांवर ऊन येतंय, साखर पिवळी पडेल, म्हणून मीच ती जाळी आत ओढली आणि दुसरी खिडकीकडं सरकवली. खोकं भरताना ते विसरले आणि आतली जाळी माझी समजून तीच रिकामी केली. डोळ्यांत पाणी होतं. गयाबाई बोटानं साखर खरवडताना दिसत होत्या. त्यांच्याच आठवणीत होते आणि त्यांचाच माल चुकवला. वासानंही कळलं नाही, दोन्हींत दालचिनीच होती.

गल्लीतला सलीम रिक्षावाला माझ्या ऑर्डरी पोचवतो. तो दहाच्या आत खोकं घेऊन गेला. मी जरा टेकले. साडेअकराला वंदनाचा डबा भरायला घेतला तर एका पाकिटाचा कोपरा हाताला लागून तुटला. तुटलेल्या जागी आतलं सारण दिसलं. फिकं, गुळगुळीत. बडीशेप नव्हती.

 मी नखानं वरची साखर खरवडली. खाली एका ओळीत तीन टोचे. दुसरं खरवडलं. तीन टोचे. तिसरं, चौथं, सगळी ओळ खरवडली. तीन, तीन, तीन. ओट्यावर पांढरा चुरा पडला होता आणि मी एकटीच मोठ्यानं "अरे देवा, अरे देवा" म्हणत होते.

सलीमला फोन केला. तो परत येत होता, तसाच दारात आला आणि मला घेऊन शेंद्र्याकडे निघाला. जालना रोडवर ट्रकांची रांग लागलेली. तो आरशातून माझ्याकडं बघून म्हणाला, "मावशी, रोना नक्को. साहब लोगां का भाषण लंबा चलता. अभी खाए नै होंगे." मीही तोच धावा करत होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं भाषण लांबावं म्हणून प्रार्थना केली.

भाषण लवकर संपलं होतं. फाटकावरच्या सिक्युरिटीवाल्यानं आत फोन लावला. आतून एक तरुण बाई हसतमुखानं बाहेर आली. "मॅडम, बिल राहिलं का?" मी म्हटलं, "बिल नाही. पाकिटं उरलीत का?" ती म्हणाली, "एक नाही उरलं! आणि आजची काय भारी होती हो, नेहमीपेक्षा किती वेगळी. साहेबांनी दोन खाल्ली. काय घातलं होतं?"

तिची काही चूक नव्हती. पण मला तिथं रस्त्यावर बसावंसं वाटलं. काय घातलं होतं ते मला माहीत नव्हतं. घालणारी बाई बारा दिवसांपूर्वी गेली होती, जिला कळायला हवं होतं ती लेक सुट्टीची वाट बघत राहिली होती, आणि शेवटचं सारण अशा लोकांनी खाल्लं ज्यांना गयाबाई कोण हेही ठाऊक नव्हतं.

ती बाई आत गेली. सिक्युरिटीवाला सगळं ऐकत होता. जवळच्याच गावचा माणूस, पन्नाशीचा, गोरख नाव. मला पाणी दिलं आणि विचारलं, "काय झालं बाई?" मी सांगितलं. तेरावा, लेक, सारण, सगळं.

तो उठला, केबिनमध्ये गेला आणि आपला जेवणाचा डबा घेऊन आला. वरच्या कप्प्यात कागदात गुंडाळलेलं एक पाकीट होतं. "मला बी एक देलं होतं त्यांनी. नातीसाठी ठिवलं होतं," तो म्हणाला. "मेल्या माणसाच्या हातचं हाय, आपल्या पोटात कशाला? घेऊन जा."

मी म्हटलं, "नातीला मी उद्याच दुसरी पाठवते." त्यानं हात जोडले. दुसऱ्या दिवशी मी खरंच डझनभर पाठवली. पण त्या माणसाचं ऋण पाकिटांनी फिटणारं नाही.

परत आले तेव्हा वंदना माझ्या पायरीवर बसली होती. खोटं बोलता आलं असतं. तीन टोच्यांवर साखर होती, घरात बडीशेप होती, गूळ होता. सलीमसुद्धा हळू आवाजात म्हणाला होता, "बोलो मत, मावशी, किसकू समझता?" पण माझ्या तोंडून सगळं आपोआप बाहेर पडलं. मी तिच्या हातात ते एक पाकीट ठेवलं.

ती रडली नाही, ओरडलीही नाही. तिनं पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. मग विचारलं, "तुम्हाला तर जमंल ना मावशी? इतकी वर्षं तुम्हीच भरत होत्या. चव माहीत असंल तुम्हाला."

मी मान खाली घातली. "मी कधी चाखलंच नाही गं."

"एकदा बी नाय?"

"त्यांनी दिलं होतं एकदा. मी नाही म्हटलं."

तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती उठली. चार पावलं गेली आणि मागं वळून म्हणाली, "उद्या या तुम्ही. दौलताबादला."

जायची हिंमत नव्हती, पण न जाण्याचीही नव्हती. जेवणं झाल्यावर घरची माणसं गयाबाईंच्या फोटोसमोर बसली. मोजून अकरा. वंदनानं पाकीट ताटलीत ठेवलं आणि तर्जनीनं वरची साखर खरवडली, हुबेहूब आईसारखी. पाच टोचे दिसले. तिचा भाऊ, एवढा मोठा गडी, हुंदके देऊन रडायला लागला. मग तिनं पाकिटाचे तुकडे केले. पोस्टाच्या तिकिटाएवढे. एकेकाच्या हातावर ठेवत ती माझ्यापर्यंत आली आणि बारावा तुकडा माझ्यापुढं धरला.

"आता तरी चाखा."

मी चाखला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकाचा माल जिभेवर ठेवला. गूळ होता, दालचिनी होती, सुंठ घशाला लागली, जायफळ होतं, बडीशेप होती. आणि या सगळ्यांच्या मागं अजून एक काहीतरी होतं, धुरकट, थोडं कडवट, ओळखीचं. ते काय, हे कळायच्या आत तुकडा विरघळला.

त्यानंतर मी त्या एका चवीच्या मागं लागले. तीळ करपेपर्यंत भाजून पाहिले. कणकेऐवजी बाजरीचं पीठ घातलं. गूळ चुलीवर तापवला, सारणाला नारळाच्या करवंटीचा धूर दिला. घरातले म्हणायचे, अति तिथं माती, आता पुरे. मी ऐकलं नाही. दरवर्षी गयाबाईंच्या तिथीला बारा पाकिटं करायची, पाच टोच्यांची, आणि वंदनाच्या घरी घेऊन जायची. आता मी टोचे खालच्या बाजूनंही मारते. ती एक पाकीट उचलायची, साखर खरवडायची, एक घास घ्यायची. पहिल्या वर्षी म्हणाली, "नाय मावशी." दुसऱ्या वर्षी, "जवळ आलंय, पण नाय." तिसऱ्या वर्षी नुसतीच मान हलवली.

यंदाच्या तिथीला माझे गुडघे धरले होते. पहाटे उठवेना. कसंबसं सारण केलं, पाकिटं भाजली, सलीमच्या रिक्षातून गेले. जिना चढताना वंदनाच खाली आली आणि मला हात धरून वर नेलं. तिचेही केस पांढरे व्हायला लागलेत. तिनं साखर खरवडली, घास घेतला, आणि डोळे मिटून कितीतरी वेळ चावत राहिली.

"हेच," ती म्हणाली. "हेच मावशी. आईचं."

मी विचारलं, "खरंच?"

"जमलं तुम्हाला. आता पुढच्या वर्षी नका करू एवढा त्रास. झालं आता." आणि तिनं माझ्या दोन्ही पायांना हात लावला.

मी घरी आले ती हलकी होऊन आले. उस्तादांच्या फोटोला नमस्कार केला. मग ओटा आवरायला घेतला, आणि मसाल्याच्या डब्यामागं सुंठेची पुडी दिसली. कालच कुटून, कागदात बांधून ठेवलेली. दोरासुद्धा सोडलेला नव्हता. घाईत मी सारणात सुंठ घातलीच नव्हती.

बाकीच्याबद्दल मला कधीच खात्री नव्हती. सुंठेबद्दल होती. गयाबाईंनी ती माझ्याच ओट्यावर बसून कुटली होती.

वंदना आईची चव विसरली असेल, तर दरवर्षी माझीच पाकिटं खाऊन, माझ्यामुळे विसरली. ती विसरली नसेल, तर तिनं मला माझ्या चुकीतून सोडवलं, आणि त्यासाठी आईच्या तिथीला तिला खोटं बोलावं लागलं. मला विचारायचा धीर होत नाही. ती अजून येते, केक नेते, शाळेतल्या गमती सांगते, आणि मी तिच्या तोंडाकडं बघत राहते.

ओव्हन मी आता विकायला काढलाय. सुंठेची पुडी तशीच बांधलेली आहे.